ओ-थ्रीची हौस

जीसीसी नावाच्या कंपायलरला ‘ओ-नाइन’ असा हुकूम दिला तर तो निमूटपणे घेतो. हरकत नाही, इशारा नाही, साधं हसणंही नाही. तीनच्या वरचा कुठलाही आकडा तो तीनच समजतो. ओ-फोर म्हणजे ओ-थ्री, ओ-सिक्स म्हणजे ओ-थ्री आणि ओ-नाइन म्हणजेही ओ-थ्रीच. तरी जुन्या प्रकल्पांच्या मेकफाइली उघडून बघा, कुठे ना कुठे ओ-सिक्स नाहीतर ओ-नाइन सापडतंच. लिहिणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. फुकट आहे ना, मग कमी कशाला मागायचं?

ज्यांचा या प्रांताशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसाने सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरला कळेल अशा सूचनांमध्ये उतरवून देतो तो कंपायलर. उतरवताना तो थोडं डोकं चालवतो, आणि किती चालवायचं हे सांगण्यासाठी इंग्रजी ‘ओ’पुढे आकडा लिहायचा. ओ-झीरो म्हणजे डोकं अजिबात चालवू नकोस, लिहिलंय तसं उतरव. ओ-वन म्हणजे केरवारा कर. ओ-टू म्हणजे नीट काम कर. ओ-थ्री म्हणजे आता तुझ्या मनाचं कर. आकड्यांवर भागेना तेव्हा अक्षरं आली. ओ-एस म्हणजे कोड लहान ठेव, ओ-झेड म्हणजे वाटेल ते करून लहान ठेव, ओ-जी डीबगिंगवाल्यांसाठी, आणि ओ-फास्ट म्हणजे वेगापायी अंकगणिताचे नियम थोडे वाकले तरी बोलणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ओ-वन म्हणजे लहान आणि ओ-टू म्हणजे वेगवान, त्यामुळे इकडून तिकडे गेलेला माणूस पहिले काही दिवस अत्यंत आत्मविश्वासाने चुकीचं बोलतो.

काहीच सांगितलं नाही तर जीसीसी ओ-झीरो धरतो, आणि एकाच ओळीत दोन परस्परविरोधी हुकूम आले तर शेवटचा मानतो. हे दुसरं कलम भलतंच घातक आहे. ओ-टू ठेवावं की ओ-थ्री यावर रंगलेली एक बैठक मी पाहिली आहे. बोर्डावर आलेख, दोन तट, चहाच्या दोन फेऱ्या, एकमेकांच्या कॉलेजांचा उद्धार. शेवटी कुणाला तरी सुबुद्धी झाली आणि त्याने बिल्डचा लॉग उघडला. ओळीच्या अगदी टोकाला, कधीकाळी नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याने डीबगिंगसाठी टाकलेला एक ओ-झीरो शांतपणे बसलेला होता. माल कित्येक महिने बिनडोकपणेच बाहेर जात होता आणि एकाही ग्राहकाने तक्रार केलेली नव्हती. दोन्ही तट त्या दिवशी जे गप्प झाले, ते पुढच्या अप्रेझलपर्यंत.

नव्याने आलेली मुलं मात्र बिनतोड प्रश्न विचारतात. ‘सर, ओ-थ्री सगळ्यात फास्ट आहे ना? मग बाकीचे ठेवलेतच कशाला?’ याला ‘अरे, अनुभवाने कळेल’ हे पारंपरिक उत्तर देता येतं, पण खरं उत्तर द्यायचं तर प्रोसेसरच्या पोटात शिरावं लागतं.

त्याआधी स्वयंपाकघरात जाऊ. पाककृतींच्या पुस्तकात भाजी, आमटी, कोशिंबीर, प्रत्येक ठिकाणी ‘फोडणीसाठी पान १२ पाहा’ असं छापलं तर पुस्तक आटोपशीर राहतं, पण तेल तापलेलं असताना पानं उलटत बसावं लागतं. म्हणून एखादा सुधारक प्रत्येक कृतीत फोडणीचं अख्खं वर्णन छापतो. कंपायलरवाले याला इनलायनिंग म्हणतात. मग सुधारक आणखी पेटतो. ‘दहा वेळा ढवळावे’ म्हटलं की मोजत बसावं लागतं, म्हणून तो ‘ढवळावे’ हा शब्द दहा वेळा छापून टाकतो. हे लूप अनरोलिंग. दोन्ही युक्त्या खऱ्या आहेत, दोन्हींनी वेळ वाचतो. पण आता पुस्तक एवढं फुगलेलं असतं की ते ओट्यावर मावत नाही. ते माळ्यावर जातं आणि दर दोन ओळींनी शिडी लावायची पाळी येते.

ओट्याचं माप सांगतो. प्रोसेसरच्या अगदी हाताशी सूचना ठेवायची जी जागा असते, एल-वन इन्स्ट्रक्शन कॅश, ती कित्येक लॅपटॉपांत वर्षानुवर्षं ३२ किलोबाइटच आहे. रॅम चार जीबीची सोळा झाली, डिस्क टेराबाइटवर गेली, मोबाइलचे कॅमेरे एकाचे चार झाले, पण ओटा तेवढाच. जो कोड त्यात मावला तो पळतो, नाही मावला तो वाट बघतो. म्हणजे लहान आणि वेगवान ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत असं जे आपण धरून चालतो तेच मुळात अर्धवट आहे. लहान असणं हीच कधीकधी वेगाची सोय असते.

योगायोग असा, की इंजिनिअरिंगची पोरं रेषेवरून चालणारा रोबो करायला जो आर्डुइनो उनो बोर्ड आणतात, त्यातल्या एटीमेगा ३२८पी चिपची अख्खी फ्लॅश मेमरीही ३२ किलोबाइटच असते. त्यातला अर्धा किलोबाइट बूटलोडर खातो, उरतात ३२,२५६ बाइट. रॅम दोन किलोबाइट. इथे चर्चेला वाव नाही. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर कुणालाही न विचारता ओ-एस लावून मोकळं होतं. पोरांना कळतही नाही की आपण काटकसरीच्या पंथात दाखल झालो आहोत, आणि पुढे हीच पोरं नोकरीला लागल्यावर ओ-थ्रीवरून भांडतात.

काटकसरीचं टोक बघायचं असेल तर क्लँग या दुसऱ्या कंपायलरला ओ-झेड द्या. रजिस्टरमध्ये १ हा आकडा भरायचा सरळ रस्ता पाच बाइटांचा आहे. ओ-झेड काय करतो, तर तो १ आधी स्टॅकवर ठेवतो आणि लगेच तिथून उचलून रजिस्टरमध्ये आणतो. या उलट्यापालट्या व्यवहाराला तीन बाइट लागतात. दोन बाइट वाचले! मला हा माणूस, म्हणजे हा पर्याय, फार आवडतो. त्याला कुणी थांबवत नाही.

फुगवट्याची उलटी हकीकतही आहे. टॉम डफ यांनी १९८३ मध्ये, लुकासफिल्ममध्ये असताना, सीमधलं लूप हाताने उलगडायची एक युक्ती काढली. स्विच आणि लूप एकमेकांत अशी गुंतवलेली, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला छपाईची चूक वाटते. ‘डफ्स डिव्हाइस’ या नावाने ती अजरामर झाली आणि वेगाची हौस असलेल्या मंडळींनी ती जिथे तिथे पेरली. एक्सफ्री८६ या ग्राफिक सर्व्हरमध्येही ती होती. आवृत्ती ४.० च्या वेळी ती सगळी उपटून टाकली, तर सर्व्हर अर्ध्या मेगाबाइटने बारीक झाला आणि वर जास्त पळायला लागला. इतक्या वर्षांचं कौशल्य काढून टाकणं हीच सगळ्यात मोठी सुधारणा ठरली.

इथपर्यंतचं सगळं आकाराचं झालं. खरी मजा पुढे आहे. कारण ओ पुढचा आकडा वेगाचा नाहीच मुळी. तुम्ही लिहिलेल्याचा अर्थ लावायची कंपायलरला किती मोकळीक दिली, त्याचा तो आकडा आहे. आणि कंपायलर हा अर्थ वकिलासारखा लावत नाही, त्याच्याहून कोरडेपणाने लावतो.

दिवा लावायचा, जरा थांबायचं, विझवायचा. या ‘जरा थांबायचं’साठी पोरं एक रिकामं लूप लिहितात, की मोज बाबा लाखापर्यंत. ओ-झीरोला दिवा छान लुकलुकतो. परीक्षकांना दाखवायच्या आदल्या रात्री कुणीतरी उत्साहाने ओ-टू करतो. कंपायलर विचार करतो, हे लूप काहीच करत नाही, कशाला ठेवायचं? लूप जातं, थांबणं जातं, आणि दिवा इतक्या वेगाने लुकलुकतो की तो नुसता मंद जळतोय असं दिसतं. मग वायर हलवून बघतात, बोर्ड बदलून बघतात, दुकानदाराला शिव्या घालतात. ‘व्होलटाइल’ हा एक शब्द लिहिला की प्रश्न सुटतो, पण तो शब्द अभ्यासक्रमात ज्या युनिटमध्ये असतो ते युनिट ऑप्शनला टाकलेलं असतं.

वेग मोजणाऱ्यांची हीच गत. शंभर कोटी वेळा बेरीज करणारं लूप लिहायचं, घड्याळ लावायचं, ओ-टूने चालवायचं. उत्तर येतं शून्य सेकंद. माणूस खुर्चीतून उठतो. प्रत्यक्षात झालेलं असतं एवढंच, की बेरजेचं उत्तर पुढे कुठेच वापरलेलं नसतं, म्हणून कंपायलरने बेरीजच केलेली नसते. आणि उत्तर वापरलंत तरी क्लँग काही कमी नाही. एक ते एन बेरीज करणारं लूप त्याला दिलं तर तो लूप मोडून तिथे शाळेतलं सूत्र ठेवतो. शंभर कोटी फेऱ्यांच्या जागी एक गुणाकार, थोडं इकडेतिकडे. दहावीच्या गणिताचा व्यवहारात उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

पण या सगळ्यावर कडी २०१० मध्ये झाली. जॉन रेगर हे कंपायलरांच्या चुका शोधून काढण्यात वाकबगार असलेले प्राध्यापक. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन घनांची बेरीज तिसऱ्या घनाएवढी होते का, हे हजारापर्यंतच्या आकड्यांत शोधत राहायचं. सापडलं तर थांबून ‘फर्माचा शेवटचा सिद्धान्त खोटा ठरला’ असं छापायचं, नाही सापडलं तर पुन्हा पहिल्यापासून. सापडणं अशक्य आहे, हे गणितात कधीच सिद्ध झालेलं आहे. घनांपुरतं तर फार पूर्वी, आणि सरसकट सगळ्या घातांसाठी फर्मानंतर ३५० हून अधिक वर्षांनी अँड्र्यू वाइल्स यांनी. म्हणजे प्रोग्रॅमने अनंत काळ चालत राहायला हवं. अनेक नामांकित कंपायलरांनी काय केलं? हे लूप बाहेर काहीच परिणाम करत नाही, आणि लूप कधी ना कधी संपणारच, असं गृहीत धरलं. मग आत कशाला शिरायचं, थेट शेवटाला जाऊ. प्रोग्रॅम चालवल्याबरोबर पडद्यावर आलं, की फर्माचा सिद्धान्त खोटा ठरला. रेगर यांनी मग प्रोग्रॅम बदलून कंपायलरना सांगितलं, ते तीन आकडेही छापा. पुरावा मागितल्यावर मात्र लूप गाळण्याची सोय उरली नाही, आणि सगळे मुकाट्याने गणित करत बसले. ही पद्धत इतर क्षेत्रांतही वापरून बघायला हरकत नाही.

हसण्यावारी न नेता येणारं उदाहरण त्याच्या आदल्या वर्षीचं. लिनक्स कर्नलच्या ‘टन’ या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये कुणीतरी एक पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, आधी वापरला होता आणि तो रिकामा तर नाही ना, याची तपासणी पुढच्या ओळीत केली होती. जीसीसीचं म्हणणं असं, की पॉइंटर रिकामा असता तर तुम्ही तो आधी वापरलाच नसता. ज्याअर्थी वापरला त्याअर्थी तो रिकामा नाही. सबब तपासणी निरर्थक. तपासणी काढून टाकली. त्या फटीतून मशीनचा पूर्ण ताबा मिळवता येतो, हे २००९ मध्ये एका सुरक्षातज्ज्ञाने करून दाखवलं. तेव्हापासून कर्नल बांधताना जीसीसीला वेगळा पर्याय देऊन बजावलेलं असतं, की रिकाम्या पॉइंटरच्या तपासण्यांना हात लावायचा नाही. चूक कुणाची म्हणाल, तर लिहिणाऱ्याची. पण तर्क ऐकताना अंगावर काटा येतो, कारण तो बिनचूक आहे.

गंमत म्हणजे सुरुवात अगदी उलट्या अविश्वासाने झाली होती. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने १९५७ मध्ये ७०४ या मशीनसाठी फोर्ट्रानचा कंपायलर दिला, तेव्हा हाताने मशीनकोड लिहिणाऱ्या मंडळींना हे यंत्र आपल्याइतकं नीटनेटकं लिहील हे पटेना. कोड सुमार निघाला तर कुणी वापरणार नाही, हे बॅकस ओळखून होते, म्हणून त्यांनी पहिल्याच कंपायलरमध्ये ऑप्टिमायझेशनवर जिवापाड मेहनत घेतली. इतकी, की कंपायलरने काढलेला कोड पाहून खुद्द बनवणारेच कधीकधी चक्रावत आणि त्यात चूक शोधत बसत. त्याच साली फ्रान्सिस अॅलन आयबीएममध्ये आल्या. शिक्षणाचं कर्ज फेडायचं आणि परत शाळेत शिकवायला जायचं, एवढाच त्यांचा बेत. पहिलं काम मिळालं नाखूश शास्त्रज्ञांना फोर्ट्रान शिकवायचं. शिकवण्यासाठी त्यांनी कंपायलरचा कोड वाचला, आणि परत जाणं राहूनच गेलं. आज ओ-टूच्या पोटात जे चालतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींची पद्धतशीर मांडणी त्यांनी केली, आणि त्यांना २००६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आपल्याकडेही या कामाचं घराणं आहे. मुंबईच्या आयआयटीतले धनंजय धामधेरे यांचं सिस्टम्स प्रोग्रॅमिंगचं पुस्तक महाराष्ट्रातल्या कितीतरी इंजिनिअरांनी परीक्षेच्या आदल्या रात्री तरी उघडलेलं आहे. एकच हिशेब पुन्हा पुन्हा करायचं टाळावं कसं, यावर त्यांचं मूळ संशोधन आहे हे मात्र परीक्षेत विचारत नाहीत. त्याच आयआयटीत उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. ओ-थ्रीवरून भांडणाऱ्यांपैकी कुणी तिथे गेला असता तर बैठक लवकर संपली असती.

आता मुद्द्याचा प्रश्न. ओ-टूवरून ओ-थ्रीवर गेल्याने खरंच किती फरक पडतो? चार्ली कर्टसिंगर आणि एमरी बर्जर यांनी २०१३ मध्ये हे चोख मोजलं. कोड आणि डेटा मेमरीत कुठे पडतो यावर वेग हलतो, म्हणून त्यांनी प्रोग्रॅम चालू असतानाच ती मांडणी पुन्हा पुन्हा पिसली आणि मग क्लँग ज्यावर उभा आहे त्या एलएलव्हीएमच्या ओ-पायऱ्यांची तुलना केली. निष्कर्ष असा, की ओ-टूवरून ओ-थ्रीवर जाण्याचा परिणाम योगायोगाच्या चढउतारांतून वेगळा काढता येत नाही. त्याआधी २००९ मध्ये मिट्कोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची लांबी बदलली तरी प्रोग्रॅमचा वेग बदलतो. आणि त्या व्हेरिएबलांत तुमचं लॉगिनचं नावही असतं. म्हणजे सासर-माहेरची दोन्ही आडनावं लॉगिनमध्ये घेतली तर प्रोग्रॅम जलद होऊ शकतो, किंवा हळू. ओ-थ्रीचंही साधारण तेच.

टॉड प्रोब्स्टिंग यांनी तर १९९८ मध्ये अर्धं गमतीने गणित मांडलं, की हार्डवेअरचा वेग दर अठरा महिन्यांनी दुप्पट होत असेल, तर कंपायलरमधल्या सुधारणांनी दुप्पट व्हायला अठरा वर्षं लागतात. वर्षाला सुमारे चार टक्के. सहकारी बँकेची मुदत ठेवही याहून बरं देते, आणि तिथे पॉइंटर रिकामा निघाला तर निदान विमा असतो.

तरी हौसेला मोल नाही. जेंटू नावाच्या लिनक्सचे भक्त अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम घरच्या मशीनवर स्वतः कंपाइल करतात. रात्रभर पंखा घरघरतो, सकाळी ब्राउझर पाव सेकंद लवकर उघडतो, आणि ते तो पाव सेकंद दिवसभर सांगत फिरतात. त्याच जेंटूची अधिकृत माहितीपुस्तिका मात्र बहुतेकांना ओ-टूच सुचवते. लिनक्स कर्नलही ओ-टूनेच बांधला जातो. २०२२ मध्ये ओ-थ्रीचा प्रस्ताव पुन्हा आला तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तो उडवून लावला, कारण ओ-थ्रीचा पूर्वेतिहास त्यांना भरवशाचा वाटत नाही. ज्यांना मेमरीची चणचण आहे त्यांच्यासाठी कर्नलमध्ये ओ-एसची खिडकी उघडी ठेवलेली आहे.

तेव्हा माझं मत विचाराल तर ओ-टू ठेवा. बोर्ड लहान असेल तर ओ-एस. घड्याळ लावून, दहा वेळा मोजून एखादी फाइल खरोखर अडवतेय असं दिसलं, तर तेवढ्या फाइलीला ओ-थ्री द्या आणि पुन्हा मोजा. डोनाल्ड कनूथ यांनी १९७१ मध्ये फोर्ट्रानचे प्रोग्रॅम तपासले तेव्हा चार टक्क्यांहून कमी कोडमध्ये निम्म्याहून जास्त वेळ जात होता, त्यामुळे शोधायची जागा फार मोठी नसते. आणि तुमचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या रजेच्या अर्जाचं असेल, तर कंपायलरला हातही लावू नका. ते हळू चालतं कारण एका बटणासाठी डेटाबेसला चाळीस वेळा विचारलं जातं, आणि त्यावर अजून कुठल्याही ओ पुढे आकडा निघालेला नाही.